घरच्या घरी फिल्म धुणे : यंत्राने काय करावे?

पनवेलजवळचे आपटा रेल्वे स्थानक आपणांपैकी पुष्कळांना 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) या चित्रपटातील अखेरच्या प्रसंगामुळे ठाऊक आहे. पडद्यावर धावणारी ती आगगाडी प्रथम फिल्मवरचा एक अदृश्य ठसाच होती. रसायनांत धुतल्यावाचून ती कोणासही दिसली नसती. हे धुण्याचे काम नवशिक्याला घरी करता येईल काय?

घरी ते पूर्वी झालेले आहे. दादासाहेब फाळके यांच्या दादरच्या बिऱ्हाडी सरस्वतीबाईंनी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांपुढे आला. त्यांच्या हाताला होता तो सराव नवशिक्याजवळ नसतो. ती उणीव यंत्राने भरून काढावी, असे आम्हांस वाटते.

कृष्णधवल फिल्म आधी डेव्हलपरमध्ये, मग क्रिया थांबविणाऱ्या सौम्य आम्लात, नंतर हायपोत आणि शेवटी पाण्यात जाते. यांतील पहिली पायरी सर्वांत नाजूक. द्रावणाचे तापमान, वेळ आणि टाकी हलविण्याची लय यांत मोठी चूक झाली, तर रोळातील छत्तीसही चित्रे बिघडतात. ती पुन्हा मिळत नाहीत.

सूचनापत्रकातील वेळ बहुधा २० अंश सेल्सिअसला धरलेली असते. आपट्याच्या मे महिन्यात नळाचे पाणी इतके थंड कोठून असणार? द्रावण जितके उष्ण तितकी क्रिया जलद. २० अंशांस सात मिनिटे घेणारी फिल्म २४ अंशांस पाचेक मिनिटांतच तयार होते. बाजारातील पुष्कळ यंत्रे द्रावण तापवितात. रंगीत फिल्मला सुमारे ३८ अंश लागत असल्याने तेथे ते योग्यच. आपल्या कृष्णधवल कामास मात्र तापमान मोजून त्याप्रमाणे वेळ ठरविणारे यंत्र हवे. एक तापमापक, एक लहानसा मायक्रोकंट्रोलर आणि टाकी फिरविणारी मोटर, एवढ्यावर ते उभे राहते. पाणी २४ अंशांहून फार उष्ण असेल, तर वेळ अतिशय आखूड होऊन चित्र एकसारखे उमटत नाही. तेव्हा द्रावणाची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून आधी निववावी.

अंधारात फिल्म चक्रीवर चढविण्याचा सराव टाकाऊ फिल्मवर करावा. प्रथम उजेडात, मग डोळे मिटून. घड्याळ यंत्राने सांभाळावे. धुतलेली निगेटिव्ह खिडकीशी धरून ती दाट झाली की विरळ, हे पाहण्याची नजर मात्र ज्याची त्यानेच कमवावी.