नाव इंडियानस, घर आफ्रिका

केळी पिकली की छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात चिलटे जमतात. आंबलेले केळ बरणीत ठेवून मी ती पकडतो आणि भिंगाखाली पाहतो. बहुतेक पिवळट-तपकिरी असतात. मधूनच एक वेगळी दिसते. लाल डोळे, आणि डोक्यापासून वक्षाच्या टोकापर्यंत काळ्या किनारीचे चंदेरी पट्टे. साडीच्या काठासारखे!

ही झॅप्रिओनस इंडियानस. जे. पी. गुप्ता यांनी १९७० साली भारतातल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले, म्हणून नाव ‘इंडियानस’. तिचे मूळ घर मात्र आफ्रिका. नाव पडते ते शास्त्रज्ञाच्या हाती नमुना कुठला आला त्यावरून; माशीचा जन्मदाखला कोण पाहतो?

आपल्याकडे ती सडक्या फळांवर जगते, म्हणून दुर्लक्षित. पण १९९९ साली ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या अंजीरबागांत शिरली आणि शेतकऱ्यांची झोप उडाली. धडधाकट फळाची साल चिलटांना सहसा भेदता येत नाही. अंजिराला मात्र देठाच्या विरुद्ध टोकाला बारीक तोंड असते. मादी तिथेच अंडी घालते, आणि फळ झाडावर असतानाच आतून नासते.

आता उलटा प्रवास. आंबा-पेरूत अळ्या पाडणारी आपली फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, चिलटांच्या कुळातली नव्हे. ही साल टोचूनच अंडी घालते. २००३ साली केनियात सापडलेली एक माशी तज्ज्ञांना नवी वाटली. २००५ मध्ये तिला ‘इन्व्हेडेन्स’, म्हणजे आक्रमक, असे नाव मिळाले. पुढे शरीररचना, डीएनए आणि दोन्हींचा आपसातला संकर तपासल्यावर २०१५ च्या सुमारास ठरले, की ही तीच आशियाई माशी!

दहा वर्षे एकाच माशीची दोन नावे, म्हणजे निर्यातीच्या तपासणी यादीत दोन किडी. हे किरकोळ वाटेल, पण फळमाश्यांमुळेच युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंबा बंद केला होता; २०१५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. माशीच्या पंखावरच्या शिरा मोजत बसणाऱ्यांना आपण रिकामटेकडे समजतो, ते मला पटत नाही.

मराठवाड्यातल्या केशर बागांत टांगतात तो मेथिल युजेनॉलचा सापळा केनियातही चालतो. त्यात या फळमाशीचे नर येतात. पट्टेवाली मात्र त्याच्याकडे फिरकत नाही. तिला आंबलेले केळच लागते.