ताप उतरल्यावरचे दोन दिवस

पावसाळा लागला की आमच्या वर्गात एक दृश्य ठरलेलेच. सकाळी हसतखेळत आलेले मूल अकराच्या सुमारास बाकावर डोके टेकते. कपाळाला हात लावावा तर चटका बसतो. घरी फोन केला की अम्मी म्हणते, "टीचर, सकाळी सिरप पाजलं तेव्हा अंग गार झालं होतं." पॅरासिटामॉलचा अंमल चार-सहा तासांचा. ताप दबतो, आजार आपल्या चालीने चालतच राहतो. चाचणी बुडू नये ही त्या माउलीची घाई आम्हाला कळते. हजेरीचा तगादा आम्हीच लावतो ना!

नाक गळते, शिंका येतात, घसा खवखवतो, तर बहुधा ती विषाणूची सर्दी. ताप दोन-तीन दिवसांत जातो, खोकला रेंगाळतो. शेंबूड पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिक लागतेच असे नाही, आणि मागच्या आजारातली उरलेली बाटली तर मुळीच नको. दादीचा आले-मधाचा चमचा शाळकरी मुलाला खुशाल द्यावा.

काळजी दुसऱ्या तापाची. नाक कोरडे, ताप १०२-१०३, डोळ्यांमागे दुखते, अंग मोडून येते. अशा वेळी डेंग्यूची शंका धरून डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलही मुलाच्या वजनाप्रमाणेच.

आमच्या पाचवीतला एक मुलगा ताप उतरला म्हणून शाळेत आला आणि प्रार्थनेच्या रांगेतच मटकन खाली बसला. हातपाय बर्फासारखे. अब्बूंनी रिक्षातून थेट इस्पितळात नेले. चार दिवस सलाईन लागले, अल्लाहच्या कृपेने वाचला. तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला समजावले की डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि रक्तदाब घसरतो. घरात मात्र शुक्र अदा होऊन दप्तर भरलेले असते.

त्या दिवसांत पोटात जोराची कळ, पुन्हापुन्हा उलटी, नाका-हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, मूल सुस्त किंवा बेचैन, यांपैकी एकही दिसले तर मध्यरात्र असली तरी इस्पितळ गाठावे. एरवी पाणी, पेज, शहाळे थोडेथोडे देत राहावे. दम केलेल्या पाण्यातच ओआरएसची पुडी विरघळवली तरी चालते, फक्त माप पुडीवर लिहिलेले घ्यावे.

आणि ताप गेल्यावरही दोन दिवस घरीच ठेवा. चिठ्ठी पाठवा, चाचणी आम्ही मागाहून घेऊ.