कुटुंबाची व्याख्या आणि प्रतीक्षेचा क्रम

मराठीत ‘कुटुंब’ या शब्दात आजी-आजोबा, काका, आत्या, पुतणे, भाचे असा सारा गोतावळा सामावतो. अमेरिकेचा स्थलांतर कायदा मात्र नाती निवडून घेतो. नागरिकाची पती वा पत्नी, 21 वर्षांखालील अविवाहित अपत्ये आणि सज्ञान नागरिकाचे आईवडील यांना संख्येची मर्यादा नाही. प्रौढ वा विवाहित अपत्ये आणि भावंडे यांना मर्यादेत राहून वाट पाहावी लागते. काका वा पुतण्या यांच्यासाठी वर्गच नाही.

जबलपूरजवळील तिलवारा येथे राहणाऱ्या भावासाठी अमेरिकेची नागरिक झालेल्या बहिणीने अर्ज केला, असे समजू. (केवळ कायम निवासाचा परवाना असलेल्यास असा अर्ज करता येत नाही.) अर्ज दाखल झाल्याची तारीख हेच त्याचे रांगेतील स्थान. भावंडांच्या वर्गास वर्षाकाठी सुमारे 65,000 व्हिसा असतात. शिवाय एका देशाचा वाटा साधारणतः 7 टक्क्यांपुरता सीमित असतो. परिणामी भारतीय अर्जदारास दीड दशकाहून अधिक काळ थांबावे लागते.

या अवधीत अर्जाच्या वेळी शाळेत जाणारा भावाचा मुलगा 21 वर्षे ओलांडून पित्याच्या अर्जातून गळू शकतो. 2002 च्या कायद्यानुसार अर्जाच्या छाननीत गेलेला काळ त्याच्या वयातून वजा होतो. रांगेत गेलेला काळ होत नाही. म्हणून मुलांच्या वयाचा हिशेब आरंभीच मांडावयास हवा. अन्यथा भावंडांना एकत्र आणणारा अर्जच पितापुत्रांची ताटातूट घडवितो.