विश्लेषण : सोंड की ओघळ? नकाशातील तपकिरी रेषा काय सांगतात?

पावसाळा आला की मेढा-महाबळेश्वर मार्गावरील केळघर घाटात दरडीची चर्चा सुरू होते. दरड नेमकी कुठे येईल हे नकाशा सांगू शकत नाही. पाणी, माती आणि दगड कोणत्या वाटेने खाली येतील, याचा अंदाज मात्र त्यावरून बांधता येतो. त्यासाठी शाळेच्या भूगोलात शिकलेल्या आणि परीक्षेनंतर विसरलेल्या काही संज्ञा पुरेशा आहेत.

मेढा कोणत्या नकाशात?

१७६७ मध्ये स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग स्थलनिर्देशक नकाशे तयार करतो. जुन्या क्रमांकानुसार मेढा ‘४७ जी/१३’ या नकाशात येते. ४७ हा उत्तर अक्षांश १६ ते २० आणि पूर्व रेखांश ७२ ते ७६ अंशांमधला मोठा चौकोन, ‘जी’ हा त्यातला एक अंशाचा तुकडा आणि १३ हा त्याचाही सोळावा भाग. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरील २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर. निळा रंग पाण्याचा, हिरवा झाडीचा, पिवळा शेतीचा आणि तपकिरी उंचीचा.

समोच्च रेषा कशा वाचायच्या?

समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरील ठिकाणे जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. या नकाशात दोन शेजारच्या रेषांमध्ये साधारण २० मीटर उंचीचा फरक असतो. रेषा विरळ तर उतार सौम्य, दाट तर तीव्र. कागदावर २ मिलिमीटर अंतरात, म्हणजे जमिनीवरील १०० मीटरमध्ये, एकच टप्पा चढला तर बैलगाडीला जड जाणारा चढ. तेवढ्याच अंतरात पाच टप्पे चढले तर ४५ अंशांचा उतार. रेषा एकमेकींना चिकटल्या की समजावे, कडा आला.

जावळी तालुक्यात या रेषांची एक खास ठेवण दिसते. दाट, मग विरळ, पुन्हा दाट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, त्यांची ही पायऱ्यापायऱ्यांची रचना. माथ्यावर जांभ्याचा सपाट सडा, कासच्या पठारासारखा. मेढ्याच्या पश्चिमेला बामणोलीची रांग. तिच्या पूर्व उताराचे पाणी वेण्णेत जाऊन माहुलीला कृष्णेला मिळते, पश्चिम उताराचे कोयनेतून कराडला. एकाच धारेवर पडलेल्या दोन थेंबांची भेट थेट कराडला होते. अशा धारेला पुस्तकात जलविभाजक म्हणतात.

‘घाट’ या शब्दाची मात्र गंमत झाली आहे. मराठीत घाट म्हणजे डोंगर चढण्याची वाट; परकीयांनी तेच नाव सगळ्या डोंगररांगेला दिले आणि पुस्तकात ‘पश्चिम घाट’ आला.

सोंड आणि ओघळ यांत फरक काय?

सर्वांत उपयोगाची खूण हीच. समोच्च रेषा ठिकठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारख्या वळतात. वळणाचे टोक चढत्या आकड्यांकडे असेल तर ती ओघळ किंवा दरी, उतरत्या आकड्यांकडे असेल तर सोंड. दोन उंचवट्यांमधला खोलगट भाग म्हणजे खिंड. सोंडेवरचे पाणी दोन्ही बाजूंना विभागले जाते, ओघळीत ते एकवटते. मुसळधार पावसात सुटलेली माती बहुधा हीच वाट धरते.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मिरगाव येथे दरडीखाली घरे गाडली गेली. डोंगरी भागात घरासाठी सपाट जागा मिळणे कठीण, त्यामुळे ओघळीच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली जमीन सोयीची वाटते. पण अशी जमीन अनेकदा वरून वाहून आलेल्या जुन्या गाळ-दगडांचीच असते. प्लॉट पाहताना विहिरीचे पाणी आणि रस्ता विचारला जातो. वरच्या उताराबद्दल क्वचितच.

नकाशाची मर्यादा कोणती?

रस्त्यासाठी किंवा घरासाठी डोंगर १५ मीटर उभा कापला, तर २० मीटरच्या रेषांमध्ये तो काप दिसेलच असे नाही. उताराला मात्र त्याने आधार राहत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणता नकाशेही १:५०,००० प्रमाणाचेच आहेत. ते परिसराचा धोका दाखवतात, एकेका घराचा नाही. जमिनीला नव्याने पडलेली भेग, झुकलेली झाडे, अचानक गढूळ झालेला झरा या खुणा नकाशात नसतात. त्या दिसल्या तर तलाठी किंवा तहसील कार्यालयाला लगेच कळवावे आणि पाऊस सुरू असेल तर त्या रात्री तिथे मुक्काम करू नये.