विश्लेषण : टाकी भरताच घरात घंटी… ‘आर्डुइनो’ शिकण्याची स्वस्त सुरुवात कशी करावी?

गच्चीवरची टाकी भरून वाहू लागते, खालून कोणीतरी हाक मारते आणि मग मोटार बंद होते. टाकी भरताच घरात वाजणारी घंटी स्वतः बनवता येते. त्यासाठी इंजिनीअर असण्याची गरज नाही; मायक्रोकंट्रोलरशी ओळख हवी.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय?

एका चिपमध्ये सामावलेला छोटा संगणक. एकदा भरलेला प्रोग्रॅम तो वीज असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवतो. ‘आर्डुइनो उनो’ या बोर्डवरील एटीमेगा ३२८पी चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ केबी जागा आणि अवघी २ केबी रॅम असते. मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. पण स्विच तपासून घंटी वाजवण्यासाठी ती भरपूर आहे.

आर्डुइनोच का?

इटलीतील इव्ह्रेआ येथील डिझाइन संस्थेत २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनोचा जन्म झाला. बोर्डचे आराखडे खुले असल्याने इतर उत्पादकही तसेच बोर्ड बनवतात. ते काही शे रुपयांत मिळतात.

काय विकत घ्यावे?

बोर्ड, यूएसबी केबल, ब्रेडबोर्ड, जंपर वायर, दोन-तीन एलईडी, २२० ओहमचे रेझिस्टर, फ्लोट स्विच आणि बझर मॉड्यूल. ढीगभर सेन्सरांचे महागडे किट सुरुवातीला नको. त्यातले बरेच सेन्सर खोक्यातच पडून राहतात.

पहिला प्रोग्रॅम कोणता?

संगणकावर आर्डुइनोचे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे, बोर्ड आणि पोर्ट निवडावा आणि त्यातील ‘ब्लिंक’ हा तयार प्रोग्रॅम अपलोड करावा. बोर्डवरचा छोटा दिवा उघडझाप करू लागतो. पोर्टच दिसत नसेल तर आधी केबल बदलून पाहावी. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही. स्वस्त बोर्डांना अनेकदा ‘सीएच३४०’ चिपचा ड्रायव्हरही लागतो.

टाकीची घंटी कशी जोडावी?

फ्लोट स्विचची एक वायर पिन २ ला, दुसरी ग्राउंडला जोडावी. प्रोग्रॅममध्ये या पिनसाठी ‘इनपुट पुलअप’ निवडावे. स्विच उघडा असताना पिन ‘हाय’, बंद झाल्यावर ‘लो’ दाखवते. बझर लावण्याआधी रेझिस्टरसह एलईडी जोडावा आणि बादलीत फ्लोट तरंगवून चाचणी घ्यावी. फ्लोट उलटा बसला तर संकेतही उलटा येतो. गच्चीपर्यंतच्या लांब वायरमुळे क्षणभर खोटा संकेत येऊ शकतो. म्हणून संकेत सलग दोन सेकंद टिकला तरच घंटी वाजावी, अशी अट प्रोग्रॅममध्ये घालावी.

धोका कुठे आहे?

बोर्ड ५ व्होल्टवर चालतो. एका पिनमधून साधारण २० मिलीअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये. मोटार थेट पिनला जोडली तर चिप जळू शकते. रिले लावून मोटारही आपोआप बंद करण्याचा मोह होतो. पण रिलेच्या दुसऱ्या बाजूला २३० व्होल्ट खेळत असतात आणि तिथे चूक जिवावर बेतू शकते. ते काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. नवशिक्याने घंटीपर्यंतच थांबावे आणि मोटारीचे बटण हातानेच बंद करावे.