कानाचें यंत्र आणि विम्याचा पैसा

डोळ्यांना चष्मा लागला तर माणूस तो उघडपणें वापरतो. कानाला यंत्र लागलें तर तें लपवूं पाहतो. मीहि याला अपवाद नव्हतों. दोन वर्षें नात पाढे म्हणे आणि मी ‘शाबास’ म्हणत असें. एके दिवशीं तिनें मुद्दाम तेराचा पाढा चुकवून म्हटला आणि मीं त्यालाहि शाबासकी दिली! जन्मभर पाढे तपासलेल्या मास्तराची याहून मोठी फजिती ती कोणती? त्याच दिवशीं कान दाखविण्याचें ठरलें.

माझें गांव शिरूर कासार. पुणें जिल्ह्यांतील घोडनदीकाठचें शिरूर तें वेगळें; आमचें सिंदफणेकाठचें, बीड जिल्ह्यांतील. बीडला जाऊन श्रवणाची तपासणी झाली, तिचा आलेख हातीं आला आणि दोन्ही कानांना यंत्रें घ्यावीं असा सल्ला मिळाला. एका कानाची किंमत वीस हजार. हा आंकडा मात्र मला पुन्हां विचारावा लागला नाहीं. तो स्वच्छ ऐकूं आला! घरांत आरोग्यविमा होता, म्हणून निर्धास्तपणें यंत्रें घेतलीं आणि बिल कंपनीकडे धाडलें. पंधरवड्यानें नकाराचें पत्र आलें. रागाच्या भरांत मीं पॉलिसीचें पुस्तक प्रथमच पानापानानें वाचलें आणि ध्यानांत आलें कीं, हें वाचन बिल धाडण्याआधीं व्हावयास पाहिजे होतें.

आपल्याकडील आरोग्यविमा हा मुळांत इस्पितळांत दाखल होण्याचा विमा आहे. सामान्यतः रोगी चोवीस तास दाखल असला, किंवा एका दिवसांत होणारी मान्य शस्त्रक्रिया झाली, तरच विम्याचें दार उघडतें. श्रवणयंत्र आपण चालत जाऊन विकत घेतों. शिवाय बहुतेक पॉलिसींत न मिळणाऱ्या खर्चांची जी यादी असते, तींत चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र हीं भावंडें शेजारीं शेजारींच बसलेलीं आढळतात. कानाची शस्त्रक्रिया झाली तर पैसे मिळतात, पण शस्त्रक्रियेनें न सुधारणाऱ्या कानाला मिळत नाहींत, हा न्याय मला अद्यापि पटलेला नाहीं. पण करार तो करार.

तरी या भिंतीला खिडक्या आहेत. कांहीं पॉलिसींत दाखल न होतां होणाऱ्या खर्चाचें, म्हणजे ओपीडीचें, कलम असतें. त्यांत यंत्राचा उल्लेख आहे काय तें पाहावें. मुलगा किंवा सून नोकरींत असेल तर तेथील सामूहिक विम्यांत आईवडिलांचा समावेश आहे काय आणि श्रवणयंत्राला मर्यादा किती, हें विचारावें. विचारणा खरेदीपूर्वीं व लेखी करावी. डॉक्टरांची चिठ्ठी, तपासणीचा आलेख आणि यंत्राचा क्रमांक लिहिलेलें बिल हीं तिन्ही जपून ठेवावीं. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेंतील निवृत्तांना तर ठराविक मर्यादेपर्यंत यंत्राचा खर्च मिळतो. अपघातानें बहिरेपण आल्यास वैयक्तिक अपघात विम्याचा तक्ता उघडावा. तेथें श्रवण गेल्याबद्दल बहुधा रकमेचा ठराविक हिस्सा असतो. मात्र वीस रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्यांत डोळे, हात आणि पाय आहेत, कान नाहींत!

नवी पॉलिसी घेणाऱ्यांनीं तिच्याबरोबर येणारें ग्राहक माहितीपत्रक मागून घ्यावें. तें मराठींतहि मागतां येतें. न पटल्यास ३० दिवसांत पॉलिसी परत करण्याची सोय आहे. दावा अन्यायानें नाकारला असें वाटलें तर आधीं कंपनीकडे तक्रार करावी, आणि महिनाभरांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जावें. आमच्या जिल्ह्याचें लोकपाल कार्यालय पुण्यास आहे. तेथें वकील लागत नाहीं, शुल्कहि नाहीं.

विमा हात वर करतो तेथें सरकारी साहाय्य उपयोगी पडतें, आणि या गोष्टी शहरांतील सुशिक्षितांनाच कमी ठाऊक असतात. आमच्या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. वृद्ध मागें राहतात. मोबाइलवर मुलाचा आवाज कळेनासा झाला कीं त्या म्हाताऱ्याचा घराशीं संबंधच तुटतो. अशांसाठीं २०१७ सालीं राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली. तींत साठीपुढील, बेताच्या उत्पन्नाच्या वृद्धांना शिबिरांतून यंत्रें विनामूल्य मिळतात. राज्यानें २०२४ सालीं मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. पासष्टी गांठलेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आंत असलेल्या व्यक्तीला तींत एकदांच ३,००० रुपये मिळतात. या रकमेंत डिजिटल यंत्र येत नाहीं, पण हातभार लागतो.

तिसरा मार्ग १९८१ पासूनच्या एडिप योजनेचा. तिला ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. २०२२ सालच्या नियमांप्रमाणें मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास पूर्ण, आणि ३०,००० पर्यंत असल्यास निम्में साहाय्य ठरविलें गेलें. अडचण अशी कीं, २०१६ चा कायदा दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढील हानीलाच अपंगत्व मानतो. म्हातारपणीं पन्नासावर येऊन थांबलेला कान या दारांतून आंत जात नाहीं. त्याला वयोश्रीच बरी.

तपासणीसाठीं आणखी एक ठिकाण सांगतों. मुंबईंत वांद्रें येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ज्यांचें नांव तिला दिलें ते निजामाच्या राज्यांत उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरु होते व पुढें महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत त्याच राज्यांत होता, म्हणून मला तें नांव परकें वाटत नाहीं.

खरेदीच्या वेळीं दुकानांतील शांत खोलींत यंत्र लावून समाधान मानूं नये. रस्त्यावर, माणसांच्या गलक्यांत तें लावून पाहावें. दुरुस्ती जवळपास कोठें होते तें आधींच विचारावें, नाहीं तर बॅटरीच्या दारासाठीं बीडची फेरी घडते; मला दोनदां घडली. आणि बिल नीट वाचावें. श्रवणयंत्रावर जीएसटी नाहीं. तो लावलेला दिसला तर पैसे देण्यापूर्वींच कारण विचारावें.