अंबेमोहर खोटा निघाला का? एका शिखरावर निकाल देऊ नका

बेगडेवाडीहून लोणावळा लोकल पकडली की तळेगाव मागे टाकून गाडी थोड्याच वेळात वडगावला पोचते. दिवाळीच्या सुमारास दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली असते. याच वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये इंद्रायणी ही जात आली. अंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा तो संकर. म्हणजे माझे दोन्ही सॅम्पल, अंबेमोहर आणि इंद्रायणी, नात्यातलेच.

मला मोजायचा होता वास. सुवासिक तांदळाच्या वासातला मुख्य रेणू आहे २-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलीन. लॅबमध्ये सगळे त्याला २-एपी म्हणतात. १९८२ मध्ये रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी तो शिजवलेल्या भातात ओळखला. पाण्यात हजार कोटी भागांत एक भाग असला तरी आपल्या नाकाला तो कळतो. वाघ हद्द आखायला जो फवारा मारतो, त्यातही हाच रेणू सापडलाय. बासमतीचं कौतुक करताना हे कोणाला सांगू नका.

साध्या तांदळात बीएडीएच-२ या जनुकापासून बनणारं विकर २-एपीचा कच्चा माल दुसरीकडे वळवतं. बासमती आणि थायलंडच्या जास्मिनमध्ये या जनुकातली आठ अक्षरं गळाली आहेत, विकर कामाचं राहत नाही, आणि कच्चा माल साचून २-एपी तयार होतं. थोडक्यात, सुवास हा एका बिघाडाचा फायदा आहे.

मोजायचं कसं? दाणे बाटलीत घालून बूच घट्ट लावायचं आणि बाटली तापवायची. वरच्या हवेत लेप दिलेला बारीक धागा धरायचा, वासाचे रेणू त्याला चिकटतात. मग तो धागा गॅस क्रोमॅटोग्राफच्या तापलेल्या तोंडात. तिथून रेणू एका लांब, केसासारख्या नळीतून धावतात. प्रत्येकाचा वेग वेगळा, म्हणून प्रत्येक जण वेगळ्या मिनिटाला बाहेर पडतो. कागदावर शिखरांची रांग उमटते. ही रांग म्हणजे त्या दाण्याचं प्रोफाइल.

आता माझी फजिती. मावळातल्या एका काकांकडून अंबेमोहर आणला, सडून घेतला, पातळ पिशवीत भरला आणि खिडकीजवळच्या फळीवर ठेवला. यंत्राचा नंबर लागेपर्यंत मे महिना उजाडला. २-एपीचं शिखर इतकं बुटकं आलं, की मी वहीत ‘सुवास कमी’ लिहून मोकळी झाले. काकांना फोनवर सांगितलं, तर ते थोडं थांबून म्हणाले, “ताई, मग आमचा अंबेमोहर खोटा म्हणायचा का?”

प्रश्न साधा नव्हता. अंबेमोहर उशिरा तयार होतो, उंच वाढून लोळतो, उतारा कमी देतो. तो परवडतो तो फक्त भावामुळे. बाजारात तसाच दिसणारा स्वस्त तांदूळ त्याच नावानं विकला जातो, त्यामुळे ‘खोटा’ हा शब्द काकांना चांगलाच परिचयाचा. आणि मी तो एका शिखरावरून जवळजवळ उच्चारला होता.

उत्तर त्याच कागदावर होतं. २-एपीच्या शेजारी मी पाहिलंच नव्हतं; तिथे हेक्झानलचं शिखर ताडासारखं उभं होतं. कोंड्यातलं तेल हवेनं खराब झालं की हेक्झानल वाढतं, जुन्या तांदळाचा कुबट वास बराचसा त्याचाच. २-एपी मात्र उडून जातं. म्हणजे यंत्र सांगत होतं, ‘हा दाणा शिळा आहे’, आणि मी वाचत होते, ‘ही जात कमअस्सल आहे’. काकांकडे त्याच खाचरातलं भात तुसासकट कणगीत शिल्लक होतं. ते आणून त्याच दिवशी सडलं, तपासलं. शिखर व्यवस्थित आलं, हेक्झानल नावाला.

आता उलट बाजू. उंच शिखर म्हणजे अस्सल अंबेमोहर, असंही नाही. इंद्रायणीतही २-एपी आहेच, शेवटी अंबेमोहरचीच लेक. साध्या तांदळात अन्नपूर्णेचं पान घालून शिजवलं तरी २-एपी मिळतं, कारण त्या पानाचा वासही त्याचाच. शिवाय दाणा भरताना हवा थंड असली तर तीच जात जास्त घमघमते. जात ठरवायची तर डीएनए मार्कर लागतात. शिजल्यावर भात मऊ होईल की मोकळा, हे अमायलोज सांगतं. ते आयोडीनच्या निळ्या रंगावरून मोजतात, वासाच्या यंत्राला त्यातलं काही कळत नाही. ‘दर्जा’ हा एक आकडा नसतो. सिनॉप्सिसमध्ये तो शब्द लिहिलात तर पुढच्याच ओळीत नेमकं काय मोजणार ते लिहा, नाहीतर आरआरसीत विचारतीलच.

यंत्र नसेल तर? १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात थोडे दाणे टाका, झाकण लावा, दहा मिनिटांनी उघडून हुंगा. मात्र तीन-चार जणांना हुंगायला लावा, आणि कोणत्या बाटलीत काय आहे ते त्यांना सांगू नका.

या हंगामात मी भात तुसासकट आणते, एका खाचरातून पाच ठिकाणचं, हवाबंद डब्यात. डब्यावर कापणीची तारीख, सडल्याची तारीख आणि यंत्रात घातल्याची तारीख, अशा तीन तारखा. काकांना नवा कागद नेऊन दाखवला. त्यांनी शिखरं पाहिली, दोन दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, “हे आम्हाला ठाऊकच होतं की.”